लेपातला ताण आणि अनुमानातली उपाधी

उद्यमनगरात किंवा शिरोली एमआयडीसीत कुठल्याही शॉपमध्ये जा, सोनेरी ड्रिल दिसेलच. तो रंग टायटॅनियम नायट्राइडचा. लेपाची जाडी जेमतेम 2 ते 4 मायक्रॉन. कॅटलॉगात त्याचा कठीणपणा छापतात. शोधनिबंधात सोबत ‘अवशिष्ट ताण इतके गिगापास्कल’ असंही येतं. आमचा आक्षेप आहे तो हा दुसरा आकडा ज्या पद्धतीने वाचला जातो, त्यावर.

आधी शब्दच बघा. मराठीत ताण म्हणजे ओढ, दोरीला असते ती. पण निर्वातात आयनांचा मारा करून बसवलेल्या लेपात बहुधा असतो तो दाब. अणू जागा नसलेल्या ठिकाणी ठोकले जातात, लेप पसरू बघतो आणि खालचं पोलाद त्याला पसरू देत नाही. पाठ्यपुस्तकातला ‘प्रतिबल’ शब्द रुक्ष खरा, पण ओढ आणि दाब दोन्ही सांभाळतो. ‘अवशिष्ट’ तर आणखी फसवा, जणू धुवायचा राहिलेला मळ! उलट हा दाबच भेग उघडू देत नाही. लेप जाड केला की मात्र साठलेली ऊर्जा वाढते आणि धारेच्या कडेवर पापुद्रा सुटतो.

शिवाय प्रतिबल हे एकट्या लेपाचं नव्हेच. थंड होताना हायस्पीड स्टील लेपापेक्षा जास्त आकसतं, म्हणून लेप दाबला जातो. कार्बाइड लेपापेक्षा कमी आकसतं. त्यामुळे सुमारे 1000 अंशांवर रासायनिक बाष्पातून चढवलेला तोच नायट्राइड कार्बाइडवर ओढला जातो. खाली काय आहे ते न सांगता आकडा देणं म्हणजे सासर न सांगता सून कशी आहे ते सांगणं.

आता मुख्य मुद्दा. प्रतिबल कुणालाच दिसत नाही. 1909 साली स्टोनीने पोलादी पट्टीवर निकेल चढवलं, पट्टी किती वाकली ते मोजलं आणि त्यावरून प्रतिबल काढलं. क्ष-किरणांनी आपण मोजतो ते स्फटिकातल्या पातळ्यांमधलं अंतर. पुढचं सगळं अनुमान. नैयायिक सांगतात, अग्नीवरून धुराचं अनुमान करू नका, ओलं सरपण ही तिथे उपाधी आहे. इथलं ओलं सरपण म्हणजे नायट्रोजनचं प्रमाण. ते बदललं तरी अंतर बदलतं, प्रतिबल असो वा नसो. म्हणून नमुना वेगवेगळ्या कोनांत कलवून मोजतात. चांगली युक्ती आहे.

पण दुसरी उपाधी उरतेच. टायटॅनियम नायट्राइडची रचना मिठासारखी, घनाकार. लेपात हे कण बहुधा एका ठरावीक दिशेनेच उभे राहतात. मग काही कोनांत परावर्तनच मिळत नाही, आणि स्फटिकाचा ताठपणाही दिशेप्रमाणे बदलतो. तरी काही निबंधांत गणित असतं कण वाट्टेल तसे विखुरलेत असं धरून! दिशा का आली? साठलेल्या विकृती-ऊर्जेमुळे. ती ऊर्जा किती? दिशा नाहीच असं मानून काढलेली. याला आमच्याकडे अन्योन्याश्रय म्हणतात, आणि तो दोष आहे.

तेव्हा कळंबा रस्त्यावरच्या आयटीआयतल्या मुलांनी विक्रेत्याला बेधडक विचारावं: लेप कशावर चढवला, किती जाड, किती तापमानाला, आणि हा आकडा कसा काढला? टायटॅनियम-ॲल्युमिनियम नायट्राइड पुढच्या वेळी घेऊ; तापल्यावर त्याची स्फटिकरचनाच बदलू लागते.