‘उत्पादक’ कोण? हापूस आणि मानांकनाचे अर्थकारण

हापूसच्या भौगोलिक मानांकनावर आपल्याकडे जे लिहिले गेले त्यात अभिमान पुष्कळ आणि हिशेब थोडा, अशी माझी तक्रार आहे. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला मानांकन मिळाले, तेव्हा बागायतदाराला चार पैसे जास्त मिळणार हे गृहीतच धरले गेले. ते कोणत्या वाटेने मिळावेत, हे फारसे कुणी विचारले नाही.

१९९९ चा मूळ कायदा उघडून त्यातली ‘उत्पादक’ या शब्दाची व्याख्या वाचावी. शेतमाल पिकवणारा उत्पादक आहेच. पण त्यावर प्रक्रिया करणारा, तो पेटीत भरणारा आणि त्याचा व्यापार करणाराही त्याच व्याख्येत बसतो. मोहोराची करपण, अवकाळी पाऊस आणि वानरे हे सगळे सोसणारा आणि वाशीच्या गाळ्यावर माल फिरवणारा, दोघे एकाच पंक्तीला. व्याख्या चुकीची आहे असे मी म्हणत नाही. माल कुणीतरी विकायला हवाच. पण नावामुळे मिळणारा जादा भाव कुणाच्या हाती थांबेल, हे तिने बाजारावर सोडले आहे.

आणि बाजाराची रीत जुनी आहे. खते-फवारणीसाठी बागायतदार हंगामाआधी दलालाकडून उचल घेतो, मग माल त्याच्याच गाळ्यावर जातो. काही जण बागच कराराने देऊन मोकळे होतात. अशा माणसाकडे अधिकृत वापरकर्त्याचा दाखला असला, तरी त्याचे नाव गिऱ्हाइकापर्यंत पोचतच नाही. पुढे कुठेतरी पेटी फुटते, त्यात दिसायला तसाच कर्नाटकी आंबा मिसळतो आणि खोक्यावर ‘देवगड’ छापलेले असते.

जॉर्ज अ‍ॅकर्लॉफ यांनी १९७० च्या निबंधात हेच मांडले होते. अस्सल-नकली ओळखता येत नसेल तर गिऱ्हाईक सरासरीचा भाव देते, आणि तो अस्सल मालवाल्याला परवडत नाही. (त्यांचे उदाहरण जुन्या मोटारींचे, शीर्षकात मात्र लिंबे, खराब निघालेल्या गाडीला अमेरिकेत लिंबू म्हणतात. आपल्याला आंबा पुरतो.) मानांकन हे यावरचे औषध खरे, पण तपासणीचा खर्च कुणी आणि कुठे करायचा हे ठरल्याशिवाय ते लागू पडत नाही.

इटलीत पार्मिजानो रेज्जानो चीजच्या उत्पादकांचा संघ १९३४ पासून आहे. बारा महिने मुरल्यावर प्रत्येक चाकाची तपासणी होते. तपासनीस छोट्या हातोडीने ठोकून आवाज ऐकतो. नापास झाले तर सालीवरच्या खुणा खरवडून टाकतात. चीज खाण्याजोगे राहते, नाव तेवढे जाते. आपल्या व्यवस्थेत नाव काढून घेणारा असा हात मला दिसत नाही.

त्या दिशेने देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात टाकलेले पाऊल मला दाखल्यापेक्षा मोलाचे वाटते. प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांकाचा स्टिकर आणि स्टिकरांचे वाटप बागायतदाराच्या झाडांच्या हिशेबाने. यातले दुसरे कलम पहिल्याहून महत्त्वाचे, कारण झाडांना लागतील त्याहून जास्त ‘देवगड’ आंबे मग बाजारात येऊ शकत नाहीत. मात्र स्वतः पेटी भरणाऱ्याला याचा लाभ सरळ दिसतो. कराराने बाग दिलेल्याचे काय? त्याच्या वाट्याचे स्टिकर करारदाराकडे आंब्याबरोबर फुकट जातात की करारपत्रात त्यांची वेगळी रक्कम धरली जाते, हे येत्या हंगामात कोकणातली करारपत्रे वाचूनच पाहावे लागेल.