छत्तिसावी खेळी कोणाची?

१९९७ सालच्या मे महिन्यात आमच्या चिखलीला इंग्रजी वर्तमानपत्र एक दिवस उशिरा येई. वाचनालयात ते पडले की खेळाच्या पानावरच्या खेळ्या मी वहीत उतरवून घ्यायचो आणि रात्री जेवणे झाल्यावर ओट्यावर पट मांडून डाव पुन्हा लावायचो. न्यूयॉर्कला गॅरी कास्पारोव आणि आयबीएमचा डीप ब्लू यांचा सहा डावांचा सामना चालू होता. ३ मे रोजीचा पहिला डाव कास्पारोवने जिंकला होता. दुसरा डाव ४ मेचा. त्या डावाच्या छत्तिसाव्या खेळीपाशी मी त्या रात्री अडलो, आणि खरे सांगायचे तर अजूनही तिथून पुरता उठलेलो नाही.

पांढरी मोहरी यंत्राकडे होती. स्पॅनिश सुरुवात, आवळत गेलेला डाव, काळ्याला हलायला जागा नाही. अशा वेळी यंत्राचा वजीर काळ्याच्या गोटात शिरून प्यादी टिपू शकत होता. त्या काळची यंत्रे हावरी असत. फुकटचे प्यादे दिसले की ती सोडत नसत, आणि त्यांना हरवण्याची आपली सारी युक्ती याच हावेवर बेतलेली असे. डीप ब्लूने मात्र वजीर आत घातला नाही. त्याने प्याद्याने प्यादे मारून ए-पट्टीचा व्यवहार आधी मिटवला आणि पुढच्याच खेळीला उंट ई-४ या घरात आणून बसवला. काळ्याचे ई-प्यादे त्या घरात सरकले असते तर त्याच्या कोंडलेल्या मोहऱ्यांना वाट मिळाली असती. उंट बसला आणि ती वाट बुजली. मिळकत तूर्त सोडून द्यायची आणि समोरच्याच्या आशेवर आधी पाय द्यायचा, अशी ही खेळी. असे कार्पोव खेळतो, पेट्रोशन खेळत असे. यंत्र असे खेळेल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

पंचेचाळिसाव्या खेळीनंतर कास्पारोवने डाव सोडला. पुढे पत्रकारांसमोर त्याने मॅराडोनाच्या ‘देवाच्या हाता’ची आठवण काढली. अर्थ उघड होता: या खेळीमागे कोणाचा तरी हात आहे, पेटीत माणूस लपला आहे. बुद्धिबळाच्या इतिहासात पेटीतल्या माणसाची गोष्ट जुनीच आहे. १७७० मध्ये फोन केम्पेलेनने व्हिएन्नाच्या दरबारात मांडलेला ‘तुर्क’ हा पटापुढे बसलेला पुतळा यंत्र म्हणूनच मिरवला गेला. आत खरोखरचा खेळाडू अंग चोरून बसलेला असे. कास्पारोवने यंत्राच्या नोंदी मागितल्या. त्या वेळी त्या त्याच्या हाती आल्या नाहीत. ११ मे रोजी सहावा डाव एकोणीस खेळ्यांत गमावून तो सामना अडीच विरुद्ध साडेतीन गुणांनी हरला. आयबीएमने परतीचा सामना दिला नाही आणि यंत्र निवृत्त केले. नोंदी नंतर प्रसिद्ध झाल्या.

या प्रकरणावर आपल्याकडे जे लिहिले गेले त्यात दोनच सूर आहेत. एक, यंत्राने माणसाला हरवले म्हणून हळहळ. दुसरा, कंपनीने लबाडी केली की नाही याचा पंचनामा. मला दोन्ही अपुरे वाटतात, कारण दोघांनीही कास्पारोवकडे खेळाडू म्हणूनच पाहिले. त्या दिवशी तो एक वाचकही होता. त्याने एक खेळी वाचली, तिच्यामागे कर्ता कल्पिला, आणि त्या कल्पिलेल्या कर्त्यापुढे शरण गेला.

नोंदी काय सांगतात ते पाहू. छत्तिसाव्या खेळीला यंत्रही आधी वजिराकडेच झुकले होते. पण जसजसे ते खोल पाहत गेले तसतसा त्या खेळीचा आकडा खाली येऊ लागला. आकडा असा घसरला की अधिक वेळ घ्यायचा, अशी सोय त्याच्या कर्त्यांनी करून ठेवली होती. यंत्राने तो वेळ घेतला, शोधत राहिले, आणि शेवटी प्याद्याने प्यादे मारण्यावर आले. सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपासणारी ४८० चिपांची ती यंत्रणा होती. ‘समोरच्याची आशा आधी बुजवावी’ असे वाक्य तिच्यात कुठेही नव्हते. आकडा पडला, दुसरा आकडा वर राहिला, एवढेच. जो संयम आपण वाचला तो आपण आपल्या पदरचा घातला होता.

गंमत पुढेच आहे. ज्या अंतिम स्थितीत कास्पारोवने डाव सोडला, तिथे त्याला सतत शह देऊन बरोबरी साधता आली असती, असे डाव संपल्यावर विश्लेषकांनी दाखवले. दुसऱ्या दिवशी त्यालाही ते सांगण्यात आले. म्हणजे छत्तिसाव्या खेळीला अंतर्ज्ञानी भासलेले यंत्र चव्वेचाळिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या खेळीला चुकले होते. कास्पारोवने ती वाट शोधलीच नाही, कारण असे खेळणारा प्रतिपक्ष एवढी साधी पळवाट उघडी ठेवणार नाही, हे त्याने धरून टाकले होते. जगज्जेत्याचा तो अर्धा गुण यंत्राच्या गणिताने गेला, त्याहून अधिक त्याच्या स्वतःच्या आदराने गेला.

पहिल्या डावाची कथा याहून बोलकी आहे. हरत आलेल्या स्थितीत यंत्राने चव्वेचाळिसाव्या खेळीला हत्तीची एक निरर्थक खेळी केली होती. कास्पारोवच्या गोटाने रात्री बसून तिचा अर्थ लावला: दुसऱ्या खेळीत होणारी मात यंत्राने फार दूरवरून पाहिली असावी, म्हणून ती टाळली. डीप ब्लूच्या कर्त्यांपैकी मरे कॅम्पबेल यांनी पुढे नेट सिल्व्हर या लेखकाला सांगितले की तो प्रोग्रॅममधला दोष होता. यंत्राला निवड करता आली नाही आणि त्याने कुठली तरी खेळी उचलली. २०१२ च्या पुस्तकात हे छापून आले. एका बिघाडावर एवढे भाष्य झाले. पाठभेदांवर शंभर पानी निबंध लिहावा आणि तो मुळात खिळे जुळवणाऱ्याचा प्रमाद निघावा, तसे.

इथे मी माझीही झडती देतो. ई-४ वरचा तो उंट मी जवळपास वीस वर्षे मुलांना ‘यंत्राला न सुचणारी खेळी’ म्हणून शिकवला. स्टॉकफिश हे फुकट मिळणारे इंजिन फोनवर आल्यावर एके दिवशी ती स्थिती त्यात घातली. क्षणात उंट ई-४. स्वतः कास्पारोवनेही २०१७ च्या ‘डीप थिंकिंग’ या पुस्तकात त्या सामन्याकडे पुन्हा पाहिले आहे आणि डीप ब्लूच्या संघावर आपण केलेल्या आरोपांची धार बरीच बोथट केली आहे. त्याला वीस वर्षे लागली, मलाही तेवढीच लागली. फरक इतकाच की माझी चूक कोणी छापली नव्हती.

मग मोल कशाचे? हा प्रश्न आपल्या मातीत यंत्राच्या फार आधी विचारला गेला आहे. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठाने सतराव्या शतकात ‘भगवंतभास्करा’च्या नीतिमयूखात बुद्धिबळाचे विवेचन केले. तिरुवेंगडाचार्य शास्त्रींच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर, युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेले, १८१४ मध्ये मुंबईत छापले गेले. ही झाली पोथ्यांची बाजू. ओट्यावरची बाजू मी आजोबांकडून शिकलो. देशी पद्धतीत नुसते जिंकणे पुरत नसे, कसे जिंकलात ते विचारले जाई. प्यादेमात सर्वांत मानाची: सगळ्यात हलक्या मोहऱ्याने राजाला मारले, म्हणजे डाव तुम्ही शेवटपर्यंत हातात ठेवलात. उलट समोरच्याची सगळी मोहरी खाऊन राजा एकटा उरवलात तर ती बुर्जी. तिला पुऱ्या विजयाचा मान नाही. आजोबा बुर्जी करणाऱ्याला ‘खादाड’ म्हणत. वजिराने सरळ मात होत असताना प्याद्यासाठी थांबून डाव हातचा घालवलेले म्हातारे मी पाहिले आहेत. वेडेपणाच तो. पण त्या वेडेपणात मूल्याच्या दोन पट्ट्या होत्या: निकालाची एक आणि रीतीची दुसरी.

इंजिनापाशी एकच पट्टी आहे. प्याद्याच्या शंभराव्या भागात ते स्थितीचे मोल सांगते. आता प्रत्येक मोठ्या स्पर्धेच्या प्रक्षेपणात पटाशेजारी काळी-पांढरी उभी पट्टी असते आणि प्रेक्षक पट सोडून तिच्याकडे पाहतात. माझी तक्रार इंजिनाविरुद्ध नाही. मी ते रोज वापरतो आणि त्याने माझी अनेक लाडकी खोटी मते मोडली आहेत. तक्रार आपल्या भाष्याविरुद्ध आहे. एके काळी मराठी वृत्तपत्रांतल्या बुद्धिबळाच्या सदरात खेळीशेजारी कारण असे: ‘घोड्याला बी-५ चे घर मिळू नये म्हणून.’ आता बऱ्याचदा ‘इंजिनच्या मते चूक’ एवढेच लिहिले जाते. का चूक, ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसते. निर्णय आला, कारणमीमांसा गेली. साहित्याच्या समीक्षेत अशा भाष्यकाराला आपण उभे केले नसते.

संशयाची दिशाही याच काळात उलटली. १९९७ साली खेळी माणसासारखी वाटली म्हणून संशय आला. आता ती यंत्रासारखी वाटली की येतो. २००६ मध्ये दिल्लीच्या एका स्पर्धेत खेळाडूच्या टोपीत ब्लूटूथचे उपकरण सापडले आणि त्याच्यावर दहा वर्षांची बंदी आली. तिथे निदान वस्तू हाती लागली होती. ४ सप्टेंबर २०२२ रोजी सेंट लुईसला मॅग्नस कार्लसन हॅन्स नीमनकडून हरला आणि दुसऱ्या दिवशी स्पर्धा सोडून गेला. नीमनने पूर्वी ऑनलाइन डावांत लबाडी केल्याचे स्वतः कबूल केले होते, पण त्या पटावरच्या डावात काही केल्याचा पुरावा पुढे आला नाही. अखेर सबळ कारणाशिवाय स्पर्धा सोडल्याबद्दल फिडेने कार्लसनलाच दंड केला. तरी शंका राहिलीच.

आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीने ५ एप्रिल २०२४ रोजी टोरांटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत हिकारू नाकामुराविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी एच-३ वर उंटाचा बळी दिला आणि डाव जिंकला. क्लासिकल प्रकारात सत्तेचाळीस डाव न हरलेला नाकामुरा तिथे थांबला. तो डाव पाहताना माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा: हे पटावर सुचले की घरच्या तयारीत इंजिनाने दाखवले? प्रश्नाची मलाच लाज वाटली. घरची तयारी हा खेळाचाच भाग आहे. ती नियमात बसते, आणि बळी दिल्यानंतरचा डाव शेवटी माणसालाच घड्याळाखाली खेळायचा असतो. त्याच स्पर्धेत विदितने त्याच नाकामुराला दुसऱ्यांदा हरवले. पण तोवर सुंदर खेळी दिसली की आनंदाआधी चौकशी मनात येते, ही माझी सवय मला कळून चुकली होती.

नागपूरची दिव्या देशमुख २०२५ च्या जुलैत बातुमीला महिला विश्वचषक जिंकली, त्यानंतर माझ्याकडे शिकायला येणारी मुले दुप्पट झाली. सिंदखेडराजा तालुक्यातला एक मुलगा त्याआधीपासून येतो. बाप कोरडवाहू शेतकरी, घरात एकच फोन आणि तोही बापाबरोबर शेतात. गेल्या वर्षीच्या एका स्पर्धेत त्याने जिंकणारे प्यादे न मारता उंट मागे नेला. डाव तो जिंकला. हरलेल्या मुलाच्या वडिलांनी फोनवर स्थिती मांडली, तीच खेळी इंजिनाची पहिली पसंती निघाली, आणि तक्रार झाली. पंचांनी पोराचे खिसे उलटे करायला लावले. एक रुमाल आणि एसटीचे तिकीट निघाले. तक्रार फेटाळली गेली. बाहेर आल्यावर मीही त्याला विचारले, “खरं सांग, कुठं पाहिली होती ही खेळी?”

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “सर, त्याचा घोडा तिकडं येऊ द्याचा नव्हता मले.”

त्या रात्री मी ती स्थिती स्टॉकफिशमध्ये घातली आणि त्याला तासभर चालू दिले. पहिले अर्धे मिनिट उंट मागे नेण्याची खेळी सर्वांत वर होती. नंतर ती दुसरी झाली, मग तिसरी. तासाभराने इंजिन प्यादे मारण्याच्याच बाजूचे झाले होते. सकाळी त्या मुलाचा डाव मी वहीत उतरवला, आणि उंटाच्या खेळीशेजारी त्याचे वाक्य त्याच्याच शब्दांत लिहिले.