‘तुटवडा’ म्हणजे किती पगाराला? पिओरे यांचं ‘बर्ड्‌स ऑफ पॅसेज’ पनवेलमध्ये वाचताना

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्याच पानावर एक वाक्य होतं : ‘विकसित देशांत कामगारांचा तुटवडा असल्यामुळे तात्पुरते परदेशी कामगार आणले जातात.’ गाईडनी ‘तुटवडा’ या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि शेजारी लिहिलं, ‘किती पगाराला?’ त्या दोन शब्दांपायी ते पान मी चार वेळा नव्याने लिहिलं. तेव्हा हात दिला तो मायकेल पिओरे यांच्या ‘बर्ड्‌स ऑफ पॅसेज’ (१९७९) या पुस्तकाने. स्थलांतरावर संशोधन करायचं असेल तर ते वाचाच. पण भांडत वाचा.

आपण सहसा विचारतो, माणूस गाव का सोडतो? मग गरिबी, दुष्काळ, बेकारी अशी यादी करतो. पिओरे प्रश्न उलटा करतात : ती जागा रिकामी का पडते? त्यांचं उत्तर थोडक्यात असं. औद्योगिक देशांत काही कामं कमी पगाराची, बेभरवशाची आणि मान नसलेली असतात. पगार वाढवला तर स्थानिक माणूस येईलही. पण मग वरच्या पायरीवरचे लोकही वाढ मागतील, कारण पगार म्हणजे नुसते पैसे नसतात, त्यात पतही असते. अख्खी उतरंड हलवण्यापेक्षा बाहेरचा माणूस आणणं मालकाला परवडतं. त्या माणसाची पत गावाकडे मोजली जाते. घर बांधायचं, बहिणीचं लग्न करायचं, कर्ज फेडायचं, की परत. म्हणून परक्या शहरात तो कुणाला नको असलेलं कामही पत्करतो.

हे समजायला पनवेल पुरेसं आहे. सकाळी मजूर नाक्यावर जाऊन बघा. कंत्राटदार म्हणतो, ‘माणसंच मिळत नाहीत.’ आणि दहा वाजले तरी काही जण डबा घेऊन तिथेच बसलेले असतात. दोघंही खोटं बोलत नाहीत. तो देतो त्या रोजावर माणूस मिळत नाही, एवढंच. ‘तुटवडा’ हा शब्द लिहिताना आपण नकळत कंत्राटदाराच्या बाजूला जाऊन उभे राहतो. पिओरे यांच्याकडून घ्यायची ती ही सावधगिरी.

आता भांडण. पहिला आक्षेप शीर्षकावरच. पक्षी हंगामात येतो, हंगामात जातो, आपल्या मर्जीने. कामगाराचं तसं नसतं. पश्चिम जर्मनीने १९५५ मध्ये इटलीशी, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी कामगारभरतीचे करार केले. तुर्की कामगारांना मुदत होती दोन वर्षांची. ती अट १९६४ मध्ये काढून टाकली गेली. का? कारण शिकवून तयार केलेला माणूस परत पाठवून नवा आणणं मालकांनाच परवडेना. नोव्हेंबर १९७३ मध्ये भरती थांबली. तोवर सुमारे १ कोटी ४० लाख परदेशी कामगार आले होते आणि त्यातले सुमारे १ कोटी १० लाख परतलेही. तेव्हा ‘सगळे परत जातात’ आणि ‘कुणीच जात नाही’ ही दोन्ही वाक्यं तुमच्या प्रकरणात नकोत. कोण थांबेल हे कामगाराच्या मनावर ठरतं, तितकंच कराराच्या कलमावरही. पुस्तकात मन भरपूर सापडतं, कलम कमी.

ही उणीव आखाती देशांच्या बाबतीत फारच जाणवते. तिथल्या कफाला पद्धतीत राहण्याचा परवाना एका मालकाशी बांधलेला असतो. हे परकं वाटत असेल तर रायगडच्या वीटभट्टीवर या. कातकरी कुटुंबं पावसाळ्यानंतर भट्टीवर जातात ती आधी घेतलेली उचल फेडायला. ती फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नाही. एकीकडे परवाना, दुसरीकडे उचल. स्वस्त मजुरी येते ती यातून, काम सोडता न येण्यातून. सीमा ओलांडली की नाही, हा फरक त्यामानाने लहान.

दुसरा आक्षेप नर्सबद्दल. पिओरे यांचं लक्ष अकुशल कामांवर आहे. पण २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला तो कुशल मनुष्यबळाचा. त्यात नर्स आहेत, चालक आहेत, इलेक्ट्रिशियन आहेत. आमच्याच बिल्डिंगमधली एक ताई रात्रपाळी करून जर्मनच्या बी-टू परीक्षेचा अभ्यास करतेय. तिथे पदवीला मान्यता मिळेपर्यंत परदेशी नर्सला सहसा मदतनीस म्हणून काम करावं लागतं. म्हणजे हात कुशल, कागद अकुशल. खालची पायरी कामाच्या स्वरूपातून येते असं पिओरे सांगतात. इथे ती एका शिक्क्यातून येते.

आणि भाषा बघा. सरकारी कागदात शब्द आहे ‘मनुष्यबळ पुरवठा’. पुरवठा आपण पाण्याचा म्हणतो, विजेचा म्हणतो. ज्याचा पुरवठा होतो त्याला कुणी काही विचारत नाही. ताईला मी विचारलं. ती म्हणाली, ‘इथे कायम नोकरी मिळाली असती तर कशाला गेले असते?’ आपल्या सरकारी रुग्णालयांत नर्सची पदं रिकामी आहेत, कितीतरी जणी कंत्राटावर राबतायत. तुटवडा तिथेही, इथेही, आणि मधोमध नोकरी शोधणारी नर्स! हा सांधा पिओरे यांच्या पुस्तकात मला सापडला नाही, कारण त्यांची खुर्ची माणसं बोलावणाऱ्या देशात आहे. आपली पाठवणाऱ्या देशात आहे. इथे आपल्याला करण्यासारखं काम शिल्लक आहे.

तेव्हा सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा ‘तुटवडा’ हा शब्द वापरा, हरकत नाही. पण समासात तीन गोष्टी लिहून ठेवा : हे कोण म्हणतंय, किती पगाराला, आणि काम सोडायची मुभा आहे का. उत्तरं मिळाली नाहीत तर घाबरू नका. तोच कदाचित तुमचा संशोधनप्रश्न असेल.