रेडिएटरमध्ये नॅनो टाकण्याआधी: 45 टक्क्यांचा हिशोब

पीएचडी प्रवेशाच्या मुलाखतीला मी एक विषय मोठ्या विश्वासाने लिहून नेला होता: जुन्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचं कूलिंग नॅनोफ्लुइड वापरून सुधारणं. सात-आठ शोधनिबंध वाचून झाले होते. प्रत्येकात सुधारणेची टक्केवारी ठळक छापलेली. समितीतल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, "पाण्याच्या बाजूला वाढलं, ठीक आहे. हवेच्या बाजूचं काय?"

मला उत्तर आलं नाही. विषय बदलावा लागला. तेव्हा रडू आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण आज तेच निबंध पुन्हा वाचते तेव्हा कळतं की तो प्रश्न मला पहिल्याच वाचनात पडायला हवा होता. तुम्ही आत्ता पेटची तयारी करताय, सिनॉप्सिस लिहिताय, म्हणून आज त्यातल्या एका निबंधाची नीट चिरफाड करू.

आधी गाडी

आपल्या शहराला हा विषय परका नाही. शेंद्र्याच्या कारखान्यात 2001 पासून स्कोडाची ऑक्टाव्हिया जुळवली जाऊ लागली. तिचीच आरएस आवृत्ती म्हणजे 1.8 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि 150 अश्वशक्ती. काटेकोरपणे ती स्पोर्ट्स कार नव्हे, घरच्यांना घेऊन फिरायची गाडीच. पण वेगाची हौस असणाऱ्यांनी तिला त्याच मायेने सांभाळलं. अशी जुनी गाडी आपल्याकडच्या मे महिन्यात घाटात किंवा सिग्नलला अडकली की काटा वर चढतो.

का चढतो? जळालेल्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश काम करते, एक तृतीयांश धुरावाटे जाते आणि उरलेली कूलंटकडे येते. रेडिएटर ती हवेला देतो. किती देणार, हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट 95 अंशांवर आहे असं धरा. बाहेर 25 अंश असताना फरक 70 चा. बाहेर 42 असताना 53 चा. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, पण क्षमता जवळपास 24 टक्क्यांनी घटली. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

निबंध काय म्हणतो

पेघम्बरजादेह आणि सहकाऱ्यांचा हा निबंध 2011 मध्ये 'अप्लाइड थर्मल इंजिनिअरिंग'मध्ये आला. गाडीच्या रेडिएटरमधून त्यांनी आधी साधं पाणी आणि मग ॲल्युमिनाचे नॅनोकण मिसळलेलं पाणी फिरवलं. कणांचं प्रमाण आकारमानाने 1 टक्क्यापर्यंत. निष्कर्ष: उष्णता वहन पाण्याच्या तुलनेत 45 टक्क्यांपर्यंत वाढलं.

निबंधाचं बलस्थान आधी सांगते. सरळ नळी न घेता त्यांनी खरा रेडिएटर घेतला, आणि मांडणी इतकी स्पष्ट आहे की कुणालाही प्रयोग पुन्हा करता यावा. म्हणूनच त्याच्या पावलावर पाऊल टाकून आपल्याकडेही कॉलेजा-कॉलेजांत प्रोजेक्ट होतात. अडचण त्या 45 ला आपण काय समजतो यात आहे.

पहिली शंका: 3 मधून 45 कसे?

मॅक्सवेलच्या जुन्या सिद्धांतानुसार द्रवात विरळ, उत्तम वाहक गोल कण मिसळले तर वाहकता साधारणपणे कणांच्या प्रमाणाच्या तिप्पट वाढते. 1 टक्का कण, तर वाढ सुमारे 3 टक्के. नॅनोकणांच्या बाबतीत हा नियम मोडतो, असा दावा बरीच वर्षं होत होता. मग तीसहून अधिक संस्थांनी एकसारखे नमुने वाटून घेऊन वाहकता मोजली. 2009 मध्ये 'जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स'मध्ये निकाल आला: मोजमापं मॅक्सवेलच्या घराण्यातल्या सिद्धांताशीच जुळली, जादू काही दिसली नाही.

मग वाहकतेतल्या 3 टक्क्यांवरून 45 टक्क्यांवर उडी कशी? दुसरं काही कारण असूही शकतं. पण एवढी उडी दिसली की आपण आधी मोजमापाची अनिश्चितता तपासायची आणि मग नवं भौतिकशास्त्र शोधायचं. हा क्रम उलटा झाला की प्रबंध अडकतो.

दुसरी शंका: 45 टक्के कशाचे?

सरांचा प्रश्न इथला होता. उष्णतेला कूलंटमधून नळीच्या भिंतीत, भिंतीतून पातळ पट्ट्यांमध्ये आणि तिथून हवेत जायचं असतं. बारावीत शिकलेले एकसरीत जोडलेले रोध आठवा. हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे: पाण्याची वाहकता 0.6 वॅट प्रति मीटर केल्व्हिन, हवेची 0.026 च्या आसपास. म्हणून तर हवेच्या बाजूला एवढ्या पट्ट्या लावतात. तरीही एकूण रोधाचा मोठा हिस्सा तिथेच राहतो.

उदाहरणापुरतं 80 टक्के हवेच्या बाजूला आणि 20 टक्के कूलंटच्या बाजूला धरू. आता कूलंटची बाजू 45 टक्क्यांनी सुधारा. 20 भागिले 1.45 म्हणजे 13.8. एकूण रोध 100 वरून 93.8 वर आला. गाडीला मिळालेली सुधारणा 7 टक्क्यांहूनही कमी! आणि उन्हाने किती नेले होते? 24.

गंमत म्हणजे याच गटातल्या काही संशोधकांनी 2013 मध्ये दुसरा निबंध छापला. त्यात दुसरे कण वापरून त्यांनी रेडिएटरचा एकूण उष्णता-वहन गुणांक मोजला. वाढ निघाली 9 टक्क्यांपर्यंत. कण वेगळे, म्हणून थेट तुलना नको. पण आपल्या कागदी हिशोबाच्या जवळचा आकडा प्रयोगातूनही येतो, हे बघा. या दुसऱ्या निबंधाला मी जास्त मान देते. त्याचा आकडा लहान आहे, पण प्रश्न बरोबर आहे.

तिसरी शंका: तुलना कशाशी?

या प्रकारच्या अनेक निबंधांत आलेख समान रेनॉल्ड्स संख्येवर काढलेले असतात. नॅनोफ्लुइड पाण्यापेक्षा घट्ट असतं. तीच रेनॉल्ड्स संख्या गाठायला ते जास्त वेगाने ढकलावं लागतं आणि पंपाला जास्त शक्ती लागते. मग श्रेय कणांचं की पंपाचं? तुलना समान पंप-शक्तीवर आहे का, ते आधी शोधा.

शिवाय पाया म्हणून साधं पाणी घेतलं असेल तर आणखी थांबा. गाडीत पाणी आणि ग्लायकॉल निम्मे-निम्मे असतात, आणि त्या मिश्रणाची वाहकता 0.4 च्या आसपास असते. म्हणजे ग्लायकॉल कमी-जास्त करण्याने जेवढा फरक पडतो, त्यापुढे कणांचे 3 टक्के किरकोळ आहेत. पण हे वाचून रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतू नका. ग्लायकॉल उत्कलनबिंदू वाढवतो, कूलंटमधली रसायनं गंज रोखतात, आणि आपल्याकडच्या जड पाण्याचा थर आतून बसला की तो स्वतःच एक नवा रोध होतो.

मग करायचं काय?

जुन्या गाडीत पहिलं काम हवेच्या बाजूचं. पट्ट्यांत अडकलेली माती आणि किडे, वाकलेल्या पट्ट्या, एसीच्या कंडेन्सरवर बसलेली धूळ, रेडिएटरच्या कडेच्या फटी जिथून हवा त्याला टाळून निघून जाते, पंख्याभोवतीचं तुटलेलं आवरण. मग झाकणाचा दाब, थर्मोस्टॅट, आतला थर. यातल्या कशालाच 'नॅनो' म्हणता येत नाही, म्हणून सिनॉप्सिसमध्ये ते साधं दिसतं. पण यांतल्या कुठल्या दुरुस्तीने एकूण रोध किती टक्के कमी होतो, हे 42 अंशांच्या हवेत, वाऱ्याचा वेग मोजून, अनिश्चिततेसह कुणी मांडलं, तर तो निबंध मी आवडीने वाचेन.

तुमचा विषय रेडिएटरचा नसेलही. बॅटरी असेल, सोलर सेल असेल, पाणी शुद्धीकरण असेल. मुलाखतीला जाण्याआधी तुमच्या आवडत्या निबंधातला सगळ्यात मोठा आकडा एका कागदावर लिहा. त्याखाली तीन ओळी लिहा: हे टक्के कशाचे, तुलना कशाशी, आणि साखळीतला सगळ्यात मोठा रोध कुठे. एखादी ओळ कोरी राहिली तर घाबरू नका. ती कोरी ओळच कदाचित तुमचा विषय असेल. फक्त ती तुम्हाला घरी सापडू द्या, माझ्यासारखी समितीसमोर नको.