न उच्चारलेला शोक

विमानसाहसाचा चित्रपट म्हटला की प्रेक्षकाची दृष्टी सहजच आकाशाकडे वळते. हॉवर्ड हॉक्स यांच्या १९३९ सालच्या ‘ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज’ या चित्रपटाचे खरे नाट्य मात्र जमिनीवर, वैमानिक जेथे वाट पाहत बसतात त्या खोलीत घडते. दक्षिण अमेरिकेतील बारांका या कल्पित बंदरातून टपालाची विमाने डोंगरखिंडीपलीकडे न्यावयाची आणि ठरल्या फेऱ्या पुऱ्या करून कायमचे कंत्राट मिळवावयाचे, एवढेच कथासूत्र.

आरंभीच जो हा तरुण वैमानिक बॉनीबरोबर जेवावयास मिळावे म्हणून धुक्यात उतरण्याची घाई करतो आणि प्राणास मुकतो. त्याच्यासाठी मागविलेले जेवण त्याचा प्रमुख जेफ स्वतः जेवतो; वर हा जो कोण, असेही विचारतो. बॉनीला ही निर्दयता वाटते, आणि आपल्यालाही. परंतु उद्या पुन्हा त्याच खिंडीकडे झेपावणाऱ्याला शोक करीत बसणे परवडत नाही, हे हळूहळू उमगते.

पहिल्या महायुद्धकाळी हॉक्स सैन्याच्या हवाई दलात होते. १९३० साली चित्रीकरण चालू असता विमानांच्या टकरीत त्यांचे बंधू केनेथ मृत्यू पावले. हा संयम त्यांना दुरून पाहून सुचलेला नव्हे.

बॅटचे उपकथानकही याच जातीचे. एकदा यंत्रज्ञाला मागे टाकून त्याने विमानातून उडी घेतली होती. तो यंत्रज्ञ ‘किड’चा भाऊ. पुढे जळत्या विमानात बॅट जखमी किडला सोडीत नाही. हात भाजत असता विमान खाली आणतो. क्षमायाचनेचे भाषण नाही. कृती हेच प्रायश्चित्त.

उणिवाही आहेत. स्थानिक लोक केवळ पार्श्वभूमीपुरते येतात, आणि बॅटच्या पत्नीची भूमिका रीटा हेवर्थ असूनही पुसटच राहते.

तथापि अखेर या साऱ्यांवर मात करते. बॉनीने राहावे, हे जेफच्या तोंडून निघत नाही. तो मृत किडचे नाणे उडवितो. छापा पडला तर राहावे. नशिबाच्या कौलाने राहणे तिला मान्य नाही. नाणे तिच्या हाती देऊन तो उड्डाणास निघून जातो, आणि मग तिला दिसते, नाण्याच्या दोन्ही बाजूंस छापाच आहे. आनंदवर्धनाने ध्वनीला काव्याचा आत्मा म्हटले. कॅरी ग्रँट आणि जीन आर्थर यांच्या या प्रसंगात तोच ध्वनी शब्दावाचून ऐकू येतो.