सागरप्रवास, मतभेद आणि संपादित दुःख

मुंबईहून घाटमाथ्याकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर पनवेल हे खाडीचे बंदर होते. 1831 मध्ये अहमदनगरला केंद्र स्थापन करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनचा इतिहास या किनाऱ्यावरून वाचू लागले, की त्याच्या आरंभीच एक अनुपस्थिती जाणवते. ती हॅरिएट न्यूएलची.

फेब्रुवारी 1812 मध्ये सेलम बंदरातून निघालेल्या ‘कॅरॅव्हान’ जहाजावर न्यूएल आणि जडसन ही दोन नवविवाहित दांपत्ये होती. चार महिन्यांच्या त्या प्रवासात अडोनिराम जडसन यांनी बाप्तिस्म्याच्या प्रश्नाचा अभ्यास आरंभिला. कलकत्त्यात बॅप्टिस्टांशी वाद घालावा लागेल, ही त्यामागील अपेक्षा. परंतु प्रतिपक्षाचे खंडन करू निघालेला अभ्यासक अखेरीस त्याच पक्षाचा झाला. 6 सप्टेंबर 1812 रोजी त्यांनी कलकत्त्यात नव्याने बाप्तिस्मा घेतला आणि मूळ मंडळी दुभंगली. कंपनी सरकारने वास्तव्याची परवानगी नाकारल्याने न्यूएल दांपत्य मॉरिशसकडे निघाले. वाटेत, समुद्रावरच, हॅरिएटला मुलगी झाली आणि काही दिवसांतच दगावली. 30 नोव्हेंबर 1812 रोजी मॉरिशसला हॅरिएटही निवर्तली. तेव्हा ती अवघी 19 वर्षांची होती.

1814 मध्ये तिची रोजनिशी व पत्रे लेनर्ड वुड्स यांच्या स्मरणप्रवचनासह ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. या संहितेचा खरा प्रश्न तिच्या रचनेत आहे. प्रवचन आधी आणि रोजनिशी नंतर, या क्रमामुळे वाचक हॅरिएटच्या शब्दांपाशी पोहोचण्यापूर्वीच तिच्या मृत्यूचा अर्थ निश्चित झालेला असतो. खाजगी लेखनातील घालमेल मग स्वतंत्र अनुभव म्हणून उरत नाही. ती आत्मसमर्पणाचा पुरावा ठरते. श्रद्धा तिचीच होती, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि श्रद्धा आणि तिचे प्रचारमूल्य यांत भेद करणे, हे समीक्षेचे काम आहे. जडसन यांना प्रवासात मत बदलण्याचा अवकाश लाभला; हॅरिएटच्या वाट्याला आदर्श होणे आले.

हॉल व नॉट 1813 मध्ये मुंबईस पोहोचले, विधुर सॅम्युएल न्यूएल 1814 मध्ये. मराठी मुद्रणाच्या आरंभकाळाशी या मिशनचा निकटचा संबंध आहे. म्हणूनच मराठी वाचकाने तिच्या रोजनिशीकडे परक्या हौतात्म्यकथेपेक्षा अधिक सावधपणे पाहावयास हवे. ज्या परंपरेने छापील शब्द येथे आणला, तिने स्त्रीच्या शब्दाला आधी चौकट घातली होती. ती चौकट दूर सारून वाचणे, एवढेच आता त्या एकोणीस वर्षांचे ऋण फेडण्याचे साधन आहे.