टाऊनमध्ये जेवायचं, आजीला घेऊन

आजीला ऐंशीवं वर्ष पूर्ण झालं तेव्हा बाबांनी विचारलं, "काय हवं तुला?" साडी नको, पूजा नको, हॉल घेऊन कार्यक्रम तर मुळीच नको. "एकदा सगळे मिळून मुंबईला जाऊन जेवू या," ती म्हणाली. आम्ही डोंबिवलीत राहतो. तिच्यासाठी अजून ते 'मुंबईला जाणं' आहे, आमच्या पिढीसाठी 'टाऊन'. जागा तीच, चर्चगेट ते सीएसएमटीच्या मधला आणि आजूबाजूचा दगडी तुकडा. लग्न होऊन आजी गिरगावातल्या चाळीत आली होती आणि वीसेक वर्षं तिथंच राहिली. म्हणजे ती जेवायला बोलवत नव्हती, परत नेऊन दाखवा म्हणत होती. हे मला तेव्हा कळलं नाही.

हॉटेल शोधायचं काम माझ्याकडे आलं. "तुझं कॉम्प्युटरचंच काम आहे ना, शोध," असं काका म्हणाले. आमच्या घरात वायफायपासून रेल्वेच्या तिकिटांपर्यंत सगळं याच वाक्यानं माझ्याकडे येतं. तर दहा माणसं. सगळ्यांत लहान भाचा तीन वर्षांचा, सगळ्यांत मोठी आजी. तिच्या तोंडात कवळी, गुडघे दुखतात, उजव्या कानाला जवळजवळ ऐकू येत नाही. बाबांना डायबेटिस. भावोजी सांगलीचे, शाकाहारी, पण शेजारच्या ताटात मासे असले तर त्यांची हरकत नसते. काकूंची असते. चुलत बहीण गेल्या वर्षीपासून व्हीगन आहे, म्हणजे तिला ताकही चालत नाही. आणि आजीला, रविवार असल्यामुळे, बोंबील हवे.

मी स्प्रेडशीट उघडली. पुढचे चार दिवस रिव्ह्यू वाचले. हा लेख खरं तर त्या रिव्ह्यूंबद्दल आहे. एवढे रिव्ह्यू सलग कुणी वाचत नाही. आपण तीन वाचतो आणि आकडा बघतो. सलग वाचले की तो एक साहित्यप्रकार वाटायला लागतो. त्याचे संकेत ठरलेले, शब्द ठरलेले, निवेदकही ठरलेला. 'अँबियन्स' छान असतो, 'स्टाफ' विनम्र असतो, एखादी डिश 'मस्ट ट्राय' असते, जागा 'हिडन जेम' असते (आणि तिला दोन हजार लोकांनी तारे दिलेले असतात). सगळ्यांत विचित्र म्हणजे या लिहिणाऱ्याला शरीरच नसतं. त्याला जीभ असते, डोळे असतात आणि फोटो काढायला एक हात. गुडघे, कंबर, कान आणि मूत्राशय नसतं. सहाशेहून जास्त रिव्ह्यू वाचून झाल्यावर मी नोंद केली: आत शिरताना किती पायऱ्या आहेत हे पाच जणांनी लिहिलं होतं. खुर्चीला पाठ आहे की नुसतं स्टूल, हे दोघांनी. टॉयलेट जिना चढून आहे, हे एकानं, आणि तोही पाय प्लास्टरमध्ये असलेला माणूस होता.

तारे मुळात प्रवाशांसाठी होते. मिशलँ ही टायर बनवणारी फ्रेंच कंपनी. तिनं १९०० साली मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली, कारण लोक जितके हिंडतील तितके टायर झिजतील. हॉटेलांना तारे द्यायला सुरुवात केली १९२६मध्ये. पुढे दोन आणि तीन ताऱ्यांचा अर्थ ठरला तो रस्त्याच्याच भाषेत: वाट वाकडी करून जावं असं ठिकाण, मुद्दाम प्रवास करून जावं असं ठिकाण. म्हणजे तारा म्हणताना डोळ्यांसमोर गाडी चालवत निघालेला, भूक लागलेला, खिशात पैसे असलेला माणूस होता. आपल्या फोनवरच्या ताऱ्यांचा बाप तोच. फरक इतकाच की तिथे तपासनीस तारा देतो आणि इथे आपण सगळे देतो आणि त्याची सरासरी काढली जाते.

सरासरी. इथे माझ्यातला इंजिनिअर भडकला. माझ्या यादीतली जवळपास सगळी हॉटेलं ३.९ ते ४.६च्या मध्ये होती. एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात सगळी गर्दी असेल तर तो आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही. पण त्याहून मोठी चूक वेगळी आहे. कुटुंबाची संध्याकाळ सरासरीवर चालत नाही. दहातल्या नऊ जणांना पाचपैकी पाच आणि दहाव्याला शून्य, तर सरासरी येते साडेचार, आणि घरी परतताना टॅक्सीत सगळे गप्प असतात. आमच्या भाषेत सांगायचं तर इथे अ‍ॅव्हरेज नाही, मिनिमम घ्यायचा असतो. सगळ्यांत कमी मजा ज्याला आली त्याचा आकडा हाच त्या रात्रीचा आकडा.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. गेल्या वर्षी बाबांच्या साठीला मीच सगळ्यांना फोर्टातल्या एका जागी नेलं होतं. ४.६. उंच छत, उघडे पाइप, सिमेंटची फरशी, काचेच्या भिंती, मेन्यू क्यूआर कोडवर. जेवण खरंच छान होतं, हे आजही म्हणेन. आजीनं कुणाच्या तरी फोनवर मेन्यू पाहिला, दोनदा बोट लावलं, स्क्रीन भलतीकडेच गेली, तिनं फोन परत दिला. मग पूर्ण वेळ ती हसत बसली होती. कुणी काही बोललं की हसायची. फोटोंत फार सुंदर आली आहे. दोन दिवसांनी कपडे घड्या करताना मला म्हणाली, "मला तिथे कुणाचंच काही ऐकू आलं नाही रे. तुम्ही हसलात की मी हसत होते."

त्यानंतर मी एकटा तिथे परत गेलो, त्याच वेळेला, फोनवर आवाज मोजायचं अ‍ॅप घेऊन. फोनचा माइक काही प्रयोगशाळेचा नसतो, पण आकडा ८४ डेसिबलच्या आसपास होता. साधं बोलणं साठच्या घरात असतं. डेसिबल ही लॉगरिदमिक मोजणी आहे, दर दहाला ध्वनीची तीव्रता दहापट होते, त्यामुळे ६० आणि ८४मधला फरक 'थोडा जास्त' असा नसतो. त्यात वय वाढतं तसे आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, आणि स, श, फ, थ ही व्यंजनं तिथेच राहतात. स्वर ऐकू येतात, शब्द कळत नाहीत. भरीला, गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो. याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात, एत्येन लोम्बार्ड या फ्रेंच डॉक्टरनं १९११मध्ये तो मांडला. एक टेबल आवाज चढवतं म्हणून दुसरं, मग म्यूझिक सिस्टीमवाला. आणि पडदा नाही, गालिचा नाही, टेबलावर कापड नाही, छताला आवाज शोषणारं काही नाही. याच मांडणीला रिव्ह्यूंमध्ये 'इंडस्ट्रियल व्हाइब' म्हणतात. पूर्वी मीही म्हणायचो.

दोष फक्त अ‍ॅपचा नाही. आपल्याकडचं खाण्यावरचं लेखनही बहुतेक जिभेचंच आहे. पु. लं.चं 'माझे खाद्यजीवन' मला आजही आवडतं. पण त्या रसिक वळणाचं जे असंख्य लेखन पुढे झालं, त्यात खाणारा बहुतेकदा एकटा किंवा मित्रांबरोबर असतो, भूक सणसणीत असते आणि त्याला कुणाला जिन्यावरून उतरवायचं नसतं. 'ती जुनी खानावळ, तो रस्सा' या थाटाचे लेख मी पोटभर वाचले आहेत. तिथे बाई कधी जेवायला गेली का, हा प्रश्न त्यांतल्या फार थोड्यांना पडतो.

आजीला विचारलं तर ती म्हणते, एकदाच. लग्नानंतर पहिल्या वर्षी आजोबा तिला धोबीतलावच्या एका इराण्याकडे घेऊन गेले होते. 'फॅमिली रूम'मध्ये. माझ्या वयाच्या वाचकांना ही पाटी फोटोंत माहीत असेल: आत लाकडी फळ्यांचे छोटे कप्पे, समोर पडदा, घंटी वाजवली की पोऱ्या येणार. बाईमाणूस सोबत असेल तर तिथेच बसायचं. तिनं मस्का पाव खाल्ला, चहा प्यायली, आणि पडद्यातून बाहेरचं काहीच दिसलं नाही याचं तिला वाईट वाटलं. फ्रँक कॉनलन या इतिहासकारानं मुंबईतल्या बाहेर जेवण्याच्या इतिहासावर लिहिलं आहे. घराबाहेरचं अन्न, जात, सोवळं, कोण कुणाशेजारी बसणार, हे प्रश्न मुंबईच्या हॉटेलांना सुरुवातीपासून चिकटलेले आहेत. फॅमिली रूम ही त्यातलीच तडजोड. बाईला आत घ्यायचं, पण दिसू द्यायचं नाही.

तो पडदा गेला हे चांगलंच झालं. मला त्या कप्प्यांचं प्रेम नाही, आणि ज्यांना 'जुन्या इराण्याची मजा' फक्त बेंटवुडच्या खुर्च्यांत दिसते त्यांच्याशी मी वाद घालतो. तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. ती खोली बनवणाऱ्यानं, कितीही वाईट कारणासाठी का होईना, कुटुंब नावाचं गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवलं होतं. आतलं बोलणं आत राहत होतं. आजीनं त्या दिवशी आजोबांचा शब्दन्‌शब्द ऐकला.

असो. स्प्रेडशीट. हॉटेलांच्या ओळी, माणसांचे रकाने, आणि शेवटच्या रकान्यात मिनिमम. थाळीवर माझी मोठी आशा होती. थाळीत मेन्यू वाचायचा नसतो, कुणाला कुणासाठी थांबायचं नसतं, वाढपी आग्रह करतो ते आजीला आवडतं. काळबादेवीचं ठाकर भोजनालय १९४५पासूनचं, गुजराती थाळीसाठी लोक लांबून येतात. पण तिथे जिना चढावा लागतो. जवळचा फ्रेंड्स युनियन जोशी क्लब, तिथेही जिना. काळबादेवीची रचनाच तशी, खाली दुकान आणि वर जेवण. ताडदेवचं स्वाती स्नॅक्स काकूंनी सुचवलं, पण तिथली रांग प्रसिद्ध आहे आणि ऐंशीव्या वर्षी रांगेत उभं राहणं हा आदर नव्हे. बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३चं, आजीला इराणी म्हणून आवडलं असतं, पण ते मुख्यतः दुपारच्या जेवणाचं. चर्चगेटला खाली बसायची थाळी मिळाली असती, पण मग बोंबील नाहीत. 'रविवार आहे,' असं तिनं तीनदा सांगितलं होतं.

मासे पुढे आले तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. रिव्ह्यूंच्या जगात 'क्रिस्पी' हा सर्वोच्च गुण आहे. कवळीवाल्याला क्रिस्पी म्हणजे शिक्षा. ओल्या बोंबलाचं कालवण आणि मऊ भात हे तिच्यासाठी खरे पाच तारे, आणि त्याचा फोटो कधीच चांगला येत नाही.

शेवटी मी बंद पडलेल्या प्रोग्रामसारखा थांबलो आणि जे आधीच करायला हवं होतं ते केलं. फोन लावला. फोर्टाच्या एका गल्लीतलं लंच होम, आठवडाभर ऑफिसवाल्यांनी भरलेलं, रिव्ह्यूंत 'फार गर्दी, टेबल शेअर करावं लागतं' अशा तक्रारी, तारे ३.९. मी विचारलं, रविवारी संध्याकाळी उघडं असतं का? असतं. गर्दी? "रविवारी फोर्टात कोण असतं साहेब?" हे मला सुचायला हवं होतं. आठवड्यात तिथे चालायला जागा नसते, आणि रविवारी तेच रस्ते गावासारखे होतात. मग त्यांनीच विचारायला सुरुवात केली. वयस्कर माणूस आहे का, जिना जमेल का, नाही तर एसी वर आहे, खाली कोपऱ्यातलं टेबल ठेवतो. मूल किती वर्षांचं. शाकाहारी किती. "टीव्ही बंद ठेवू का?"

मी सहाशे रिव्ह्यू वाचले होते. त्यातल्या कुणी हे विचारलं नव्हतं.

हॉटेलचं नाव देत नाही. दिलं तर पुढच्या रविवारी तिथे शांतता राहणार नाही, हे एक. आणि तुमच्या आजीचे गुडघे वेगळे असतील. ती जागा सगळ्यांसाठी उत्तम होती असंही नाही. व्हीगन बहिणीला डाळ, भात आणि भेंडीवर भागवावं लागलं आणि तिनं ते बोलून दाखवलं. ट्यूबलाइटच्या उजेडात फोटो वाईट आले. काकू भावोजींसोबत टेबलाच्या शाकाहारी टोकाला बसल्या आणि सुरमई आली की भिंतीकडे बघायच्या. माझ्या शीटमध्ये मिनिमम आला साडेतीन, तो बहिणीचा.

आजी कोपऱ्यात, डावा कान आमच्याकडे करून. बोंबील आले, तिनं काही म्हटलं नाही, भात कालवला. मग वाढणाऱ्या काकांना विचारलं, "गाव कुठलं तुमचं?" कुंदापूर. किती वर्षं इथे? चाळीस. म्हणजे आम्ही गिरगाव सोडलं त्याच सुमारास आलात, ती म्हणाली. मग तिनं आम्हाला आजोबांची एक गोष्ट सांगितली, पडद्याच्या खोलीतली. तिथे त्यांनी तिला हळूच सांगितलं होतं की त्यांची नोकरी आठ दिवसांपूर्वी गेली आहे आणि घरी अजून कुणाला माहीत नाही. म्हणून चहा एकच मागवला होता, दोघांत. बाबा साठीचे झाले तरी त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांनी पुन्हा विचारलं, "केव्हा?" आणि तिला पहिल्यांदाच ऐकू आलं.

बिल आलं तेव्हा ती त्या कुंदापूरच्या काकांना विचारत होती, इथून धोबीतलाव चालत किती लांब आहे.